आयरीनकाकीचं सुतक

आमच्या मोरिवलीला आजवर कोणी स्वस्त म्हटलं नव्हतं. वासाची म्हणायचे, धुळीची म्हणायचे, पाण्याच्या बोंबेची म्हणायचे. शेजारच्या आनंदनगरमधल्या रसायनांच्या कंपन्यांनी हवेत काही सोडलं की पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारतात, "तुम्ही राहता कसे हो इथे?" आणि आम्ही मुकाट्याने चहाचं आधण ठेवतो. गावात ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने बदलापूरला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. त्याहून जास्त आले तो ठाण्याला गेला. पोरं तर हल्ली थेट कॅनडाच्या खाली बोलतच नाहीत. आणि अशा या गावात, सगळ्यांच्या उलट्या दिशेने, इंग्लंडहून एक बाई कायमची राहायला आली. का, तर तिला तिचा देश परवडेना.

ती माझी चुलत सासू. नाव आयरीन. माझे सासरे बुधाजी, त्यांचा धाकटा भाऊ बाळाजी. हा बाळाजी तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेला, हल नावाच्या इंग्लंडातल्या बंदरात उतरला आणि तिथलाच झाला. मासे गोठवायच्या कारखान्यात लागला, आयरीनशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. मधे काही वेळा तो इकडे येऊन गेला, पण दरवेळी एकटाच. दोघांच्या तिकिटाएवढे पैसे त्यांच्याकडे एका वेळी कधी साठलेच नाहीत. तिकडेच म्हातारा झाला आणि चार वर्षांपूर्वी तिकडेच वारला.

तो गेल्यावर काकी अधूनमधून व्हिडिओ कॉल करायची. एका रविवारी तिचा कॉल आला तेव्हा अंगात जाड कोट, गळ्यात मफलर, आणि बसली होती स्वतःच्याच स्वयंपाकघरात. दिपेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने विचारलं, "काकी, बाहेर चाललात का?"

"नाही रे. हीटर लावत नाही, म्हणून," ती म्हणाली. मग आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. भाडं वाढलंय, गॅसचं बिल वाढलंय, पेन्शन मात्र आहे तिथेच आहे. "बाळाजी नेहमी म्हणायचा, आपलं घर आहे तिकडे. माझ्या पेन्शनीत तिकडे माझं भागेल का?"

आता यावर आपल्याकडचा माणूस दुसरं काय बोलणार? दिपेश बोलला, "काकी, घर तुमचंच आहे."

हे वाक्य आपण कोणालाही म्हणतो. विम्याच्या एजंटलाही म्हणतो. समोरच्याने ते ऐकून हसायचं आणि चहा पिऊन निघायचं, असा त्याचा अर्थ असतो. पण काकीला ही रीत कोण सांगणार? तिने ते खरं मानलं. राहतं घर सोडलं, कपाटं-भांडी वाटून टाकली, कागदपत्रांचा सगळा व्याप एकटीने निस्तरला आणि काही महिन्यांत दोन बॅगा घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरली. तिकडचं ते कमी भाड्याचं सरकारी घर एकदा सोडलं की पुन्हा मिळत नाही, हे तिने मला आल्यावर सांगितलं. म्हणजे परत जायचं म्हटलं तरी जायला जागा नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि पाठीमागे दार बंद. मला त्या दिवशी दिपेशचा भयंकर राग आला होता. माणसाने बोलताना जरा तरी विचार करावा.

भावकीतल्या काहींनी लगेच हिस्स्याची शंका काढली. जमिनीचा भाव वाढला की आमच्याकडे माणसाकडे बघायची नजरच बदलते. सासऱ्यांनी त्यांना ओट्यावरूनच हाकललं. "बाल्याची बायको हाय ती. जा आपापले घरा."

घरात मात्र तिची सरबराई अशी सुरू झाली की विचारू नका. माझ्या सासूबाई, तुळशी त्यांचं नाव, तशा कोणाला दबणाऱ्या नाहीत. पण काकीसमोर त्या एकदम हॉटेलच्या मॅनेजर झाल्या. तिच्यासाठी गादीची खुर्ची, बाटलीचं पाणी, वेगळा कप, काटा-चमचा. सुकटीचं कालवण शिजलं की तिच्यासाठी आधी बाजूला फिकं काढायचं. ती ताट उचलून मोरीकडे निघाली की सासूबाई धावत जाऊन हातातून ओढून घ्यायच्या. एकदा तिने झाडू हातात घेतला तर घरात आग लागल्यासारखी ओरड झाली.

"पावन्यांना कोनी कामाला लावतं क?" सासूबाई मलाच ओरडल्या. "लोका काय बोलतील?"

काकीने मला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

माझं इंग्रजी बी.कॉम.चं. आनंदनगरच्या कंपनीत हिशेब लिहिण्यापुरतं पुरतं. तिचं हलचं, अर्धे शब्द ओठातच राहणारे. तरी आमचं बरं जमायचं. मी म्हटलं, "नाही हो काकी. तुम्ही आराम करा."

"आरामासाठी मी हॉस्पिटलात गेले असते," ती म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

दोन वर्षं अशीच गेली. माझं मत विचाराल तर पाहुणा ठेवणं सोपं असतं. त्याला चांगलंचुंगलं खायला घातलं की आपलं काम झालं. घरातलं माणूस म्हटलं की त्याच्याशी भांडावं लागतं, त्याच्यावर ओरडावं लागतं, त्याचं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या घरात एकमेकांवर न ओरडता एक दिवस जात नाही, पण काकीवर कोणी कधी आवाज चढवला नाही. ती हे सगळं बघत असायची. एकदा सासूबाई आणि माझी चांगलीच जुंपली होती तेव्हा दाराशी उभी राहून ती आमच्याकडे अशा नजरेने बघत होती की मला वाटलं, हिला आमचा हेवा वाटतोय की काय. भांडणाचा हेवा!

एक गोष्ट मात्र गमतीची होती. तिला मराठी येत नव्हतं, पण आमची घरची आगरी बोली येत होती. बाळाजीकाकांच्या तोंडून उचललेले शब्द तिने पक्के धरून ठेवले होते. गॅस सिलिंडरवाल्याला ती विचारायची, "जेवलास क?" ओट्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला म्हणायची, "गप र्‍हा." तो मराठवाड्याचा सिलिंडरवाला पहिल्यांदा ऐकून जिन्यातच खाली बसला होता. आमची पोरंसुद्धा आता असं बोलायला लाजतात आणि ही गोरी बाई पन्नास वर्षांपूर्वीची मोरिवली बोलत होती.

एकदा मी तिला गाऊनचं सुती कापड घ्यायला उल्हासनगरला नेलं. चंदर नावाचा एक सिंधी दुकानदार आहे, आमचा नेहमीचा. त्याने ढीगभर तागे उलगडले आणि डोळे बारीक करून विचारलं, "दीदी, मॅडम घूमने आयी क्या?"

मी म्हटलं, "रहने आयी है. हमेशा के लिए."

"इधर?" तो कापड कापायचाच थांबला. "अरे साईं, हम लोग बच्चों को उधर भेजने के लिए मर रहे हैं, और ये उधर से इधर?" मग त्यालाच काय वाटलं कुणास ठाऊक. जरा गंभीर होऊन म्हणाला, "मेरी दादी भी सिंध से ऐसेच आयी थी. मरते दम तक घर बोली तो उधर का ही बोली." आणि काकीकडे वळून त्याने इंग्रजीत विचारलं, "मॅडम, व्हेअर इज युअर होम?"

काकी क्षणभरही थांबली नाही. "मोरिवली," म्हणाली.

चंदर हसला, मीही हसले. पण रिक्षात बसल्यावर मला बरं वाटेना. ती बोलली त्यात काही खोटं नव्हतं. आम्ही तिला तसं कधी वागवलं नव्हतं एवढंच.

घरात तिला पाहुणी न मानणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझे सासरे. खरं तर आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांसमोर बसत नाहीत, डोक्यावरून पदर येतो. काकीने आल्या दिवशीच त्यांचा हात हातात घेऊन जोराने हलवला, तेव्हाच तो नियम संपला. रोज सकाळी दोघं ओट्यावर बसायची. ते आगरीत बोलायचे, ती इंग्रजीत. मधूनमधून "बाळाजी" हा शब्द इकडून तिकडे जायचा. सासरे सांगत असायचे की बाळाजी लहानपणी आंब्यावरून पडला होता, आणि ती सांगत असायची की तो शेवटी शेवटी जिन्यावरून चढताना थांबायचा. कोणाला कोणाचं कळत नव्हतं. तरी दोघं माना हलवायची. एकदा मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कळतं का ती काय बोलते?" ते म्हणाले, "बाल्याचं बोलतं. आनकी काय कलाचा हाय?"

गेल्या थंडीत ते गेले. दुपारी जेवून खुर्चीत टेकले होते. काकी शेजारीच बसलेली. तिनेच आधी ओळखलं. तिने आरडाओरडा केला नाही. उठून आत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जिज्ञासा, ये."

मग घर माणसांनी भरून गेलं. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. सुतकाचे दहा दिवस घरात तेल-फोडणी बंद. कढई चढत नाही. नातलग आणतील ते बिनफोडणीचं खायचं, जमिनीवर निजायचं, केसांना तेल-फणी लावायची नाही. सासूबाई कोपऱ्यात घोंगडीवर बसल्या. कपाळ पुसलेलं. गावातल्या, भावकीतल्या बाया येत होत्या, त्यांच्या गळ्यात पडून मोठ्याने रडत होत्या. आमच्याकडे रडणं एकट्याचं नसतं. येणाऱ्या प्रत्येक बाईने विधवेला मिठी मारून मेलेल्याचं नाव घेऊन रडायचं असतं, आणि तिलाही प्रत्येकीबरोबर पुन्हा नव्याने रडावं लागतं. शहरातल्या लोकांना हे रानटी वाटतं. मला तसं वाटत नाही.

या सगळ्यात काकीचं काय करायचं, हा प्रश्न आला.

"तिना कसला सुतक?" सासूबाईच कोपऱ्यातून म्हणाल्या. "पावनी हाय ती. म्हातारी मानूस, आपलं बिनफोडनीचं तिना जायाचं नाय. तिची कशाला आबाल?" आणि यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. नवरा गेलेल्या बाईने त्या अवस्थेतही दुसरीच्या जेवणाची काळजी केली होती. त्यामुळे काकीला वरच्या खोलीत ब्रेड-बटर, कटलेट असं बाहेरून आणून पाठवत होतो. ताटली तशीच परत यायची. आम्हाला वाटलं, दुःखाने भूक मेली असेल.

तिसऱ्या दिवशी माझी नणंद अक्षदा आपल्या घरी बदलापूरला निघाली. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवसांचं. सासूबाई म्हणाल्या, काकीलाही तिच्याबरोबर धाडा. अक्षदाच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, एसी आहे, रडारड नाही. दिपेशलाही पटलं. काकीची बॅग मीच भरली. ती पलंगाच्या कडेला बसून बघत होती.

"किती दिवसांसाठी?" तिने विचारलं.

"थोडेच दिवस. इथे गर्दी आहे, तुम्हाला त्रास होईल."

"मला त्रास नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं." खाली येऊन ती सासूबाईंजवळ जाऊ पाहत होती, पण तेवढ्यात काटई गावच्या बायांचा घोळका आला आणि दार अडलं. ती तशीच रिक्षात जाऊन बसली.

चार दिवसांनी अक्षदाचा फोन. "वहिनी, मला जाम टेन्शन आलंय यार. ह्या काही खातच नाहीत. पास्ता केला, पनीर केलं, केक आणला. काय नको म्हणतात. स्वतःच उठून भात उकडतात आणि नुसतं मीठ घालून खातात. गादी सोडून लादीवर झोपतात. केस बघ कसे झालेत. माझ्या सासूबाई घाबरल्यात, म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरला दाखवू क?"

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. विश्वास बसायला मात्र लागला. "डॉक्टर नको, मी येते," म्हटलं.

सुतकातल्या बाईने कोणाच्या घरात जायचं नसतं, त्यातून अक्षदाच्या सासूबाई कडक. म्हणून मी वर गेले नाही. काकीला खाली बोलावलं. बिल्डिंगच्या बागेत मुलांच्या घसरगुंडीशेजारी बाक आहे, तिथे आम्ही बसलो. ती पांढऱ्या केसांचा गुंता तसाच मोकळा सोडून आली होती. गाऊन चुरगळलेला. एरवी ही बाई इस्त्री केल्याशिवाय रुमालसुद्धा वापरत नाही.

मी विचारलं, "काकी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाळाजीने," ती म्हणाली.

आणि मग तिने सांगितलं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा इथून तार गेली की बाळाजीकाकांची आई वारली. यायला पैसे नव्हते, रजाही नव्हती. काका कामावरून आले, गादी जमिनीवर ओढली आणि तिला म्हणाले, आता दहा दिवस माझ्या ताटात तेल नको. तिने विचारलं, का? त्यांनी सांगितलं, आमच्यात असं असतं. मग तिने विचारलं, "हे मुलालाच असतं की सुनेलाही?" काका म्हणाले, "तुलापण लागतं."

"तेव्हा मी मासे तळायच्या दुकानात कामाला होते," काकी म्हणाली. "दिवसभर उकळत्या तेलासमोर उभी. मी मालकाला सांगितलं, माझी सासू वारली आहे, मी दहा दिवस तळणार नाही. तो हसला. म्हणाला, कुठे वारली? मी म्हटलं, इंडियात. तो म्हणाला, तू तिला कधी भेटलीस? मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, घरी जा, आणि दहा दिवसांनी येऊन बघ काम आहे का." ती थोडं हसली. "नव्हतं."

मी तिच्या तोंडावर आलेली केसांची बट मागे सारली.

"बाळाजी गेला तेव्हाही मी दहा दिवस तसंच केलं. एकटीने. शेजारीण म्हणाली, आयरीन, तू वेडी झालीस." ती माझ्याकडे वळली. "मी स्वस्त पडतं म्हणून आले, जिज्ञासा. ते मी लपवलं नाही. माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता. पण स्वस्त जागा जगात पुष्कळ आहेत. मी इथे आले, कारण बाळाजीने मला सांगितलं होतं की या माणसांचं सुतक मलाही लागतं. आणि आता त्याचा भाऊ गेला, मी त्याच्या शेजारी बसलेली असताना गेला, आणि तुम्ही माझी बॅग भरलीत." ती रडत नव्हती. "मी पाहुणी असेन तर आत्ता सांगा. अजून माझे पाय चालतात. नंतर सांगू नका."

मी तिचं मनगट धरलं. मला तिची दयाही आली आणि सगळ्यांचा संतापही आला. आपण चांगुलपणा केला या समाधानात बसलेल्या माणसांचा राग काढायचा तरी कसा? ती तर सगळी आपलीच. अक्षदाला बॅग खाली आणायला सांगितली आणि रिक्षा केली.

मोरिवलीत पोचलो तेव्हा पडवीत आणि आत मिळून बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. सासऱ्यांची चुलत बहीण सुंदराबाई सगळ्यात पुढे. वयाने मोठी, भावकीत तिचा शब्द शेवटचा. काकीला बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हिना कशाला आनली पुना? पावनी मानूस, या गर्दीन कंय बसंल? आन सुतकाचे घरान येनारी-जानारी नको."

तिथे माझं डोकं फिरलं. मी दारात उभी राहून बोलायला लागले, आणि हळू आवाजात नाही. म्हटलं, हिला सुतक नाही म्हणता? बाबांची आई वारली तेव्हा हिने तिकडे दहा दिवस तेल शिवलं नाही. जिचं तोंड कधी पाहिलं नाही त्या सासूसाठी हातची नोकरी घालवली. बाबा गेल्यापासून ती मिठाच्या भातावर आहे, लादीवर निजते आहे, आणि आपण तिला केक खायला घालतोय. बाळाजीकाका गेले तेव्हाही ती दहा दिवस अशीच बसली होती. आणि ती पाहुणी? मग घरची म्हणतात तरी कोणाला?

सुंदराबाई पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. मला वाटलं, मी फार बोलले. सुतकाच्या घरात सुनेने असा आवाज चढवायचा नसतो. काकीला माझ्या बोलण्यातलं काही कळलं नसणार. ती उंबऱ्याबाहेर बॅगेचा पट्टा धरून उभी होती. आत यायचं की रिक्षा जायच्या आत परत फिरायचं, असं तिचं चाललेलं मला स्पष्ट दिसत होतं.

कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. रडून रडून बसलेला. "जिज्ञासा, तिना विचार. बाल्या भावजी गेलं तवा हिचे जवल कोन व्हता?"

मी काकीला विचारलं.

ती म्हणाली, "दवाखान्यातली नर्स होती. तिची ड्युटी संपली, मग ती गेली."

मी सांगितलं.

"आन मंग? मागशी कोन आयलं? रडाला?"

काकीला हा प्रश्न समजावून सांगायला मला वेळ लागला. रडायला कोण आलं, हे इंग्रजीत विचारता येत नाही. शेवटी तिला कळलं. तिने नकारार्थी मान हलवली. "तिकडे कोणी तसं येत नाही," ती म्हणाली. "कार्ड पाठवतात."

"काय बोलतं ती?"

"कोणी नाही आलं, म्हणते."

सासूबाई उठल्या. दहा दिवस विधवेने आपली जागा सोडायची नसते. सुंदराबाईने "तुलशे!" म्हणून हात पुढे केला, पण त्या थांबल्या नाहीत. घोंगडीवरून उतरल्या, बायांच्या मधून वाट काढत, भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आल्या. त्यांची उंची काकीच्या खांद्याएवढी. त्यांनी दोन्ही हात वर करून काकीची मान आपल्याकडे ओढली आणि घर हादरेल असा टाहो फोडला.

"माजे बाल्या भावजी रंऽ! परमुलकान एकलंच गेलंव रंऽ! तुमचे मागं हिचे जवल कोन नाय बसला रंऽ!"

आपल्या नवऱ्याच्या सुतकात ती बाई दिरासाठी रडत होती. चार वर्षांपूर्वी त्याची बातमी आली तेव्हा आम्ही सुतक पाळलं होतं, पण तेव्हा गळ्यात पडायला समोर त्याची विधवा नव्हती. आणि पुढे ती आली तेव्हा आम्ही तिला हार घातला होता.

काकी आधी ताठच राहिली. तिचे हात दोन्ही बाजूंना तसेच लटकलेले. तिला बहुतेक वाटलं असावं की सासूबाईंना चक्कर आली. मग तिने "बाल्या भावजी" ऐकलं. तिचा चेहरा बघता बघता बदलला. तिने सासूबाईंच्या पाठीवर हात टाकले, डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो ना इंग्रजी होता ना आगरी. या दोन वर्षांत तिला मोठ्याने रडताना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. ती "बाळाजी, बाळाजी" एवढंच म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी सासूबाई तिच्याबरोबर वरचा सूर धरत होत्या, तिला एकटं पडू देत नव्हत्या. पडवीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मीही बॅग खाली टाकून तिथेच बसले आणि मनसोक्त रडले. कोणासाठी, ते मला सांगता येणार नाही.

पुष्कळ वेळाने सुंदराबाईने नाक पुसलं. बसल्या जागेवरून सरकली आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. "सरक गो. घोंगरीवर जागा कर. तिचा मानूस पन गेलाय."

काकीला सासूबाईंच्या शेजारी घोंगडीवर बसवलं. संध्याकाळी चिखलोलीच्या बाया आल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दारात थबकून त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, दोघी बसलेल्या दिसल्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. आधी त्या सासूबाईंच्या गळ्यात पडून रडल्या, मग गुडघ्यावर सरकत पुढे गेल्या आणि काकीच्या गळ्यात पडल्या.